प्रायोजकाचं नाव क्लबच्या नावाआधी लावावं का? स्लोव्हेनियातल्या छोट्या बास्केटबॉल क्लबांचं काय झालं, कुणाला माहीत आहे?

काटोलरोडचा कोच
रविवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी,

मी नागपूरचा. काटोल रोडच्या आतल्या एका ले-आउटमध्ये अकरा वर्षांपासून पोरांना बास्केटबॉल शिकवतो. पोटापाण्याची नोकरी वेगळी, हे सकाळ-संध्याकाळचं. सिमेंटचं एक कोर्ट, दोन खांब, नऊ बॉल. त्यातल्या दोन बॉलची कातडी निघाली आहे, ते फक्त ड्रिबलिंगला काढतो. पटावर ४३ पोरंपोरी. महिन्याची फी दोनशे रुपये, ज्याला जमत नाही त्याला मागत नाही. मे महिन्यात पहाटे साडेपाचला सुरू करून आठच्या आत आटपावं लागते, नंतर सिमेंट इतकं तापते की खाली पडलेला बॉल उचलवत नाही. संध्याकाळी सातनंतर हवा जरा बरी होते, तेव्हा आमच्याकडे उजेड नसते.

आता मुद्द्यावर येतो. आमच्या भागात बिल्डिंग मटेरियलचं दुकान असलेले एक गृहस्थ आहेत, त्यांची मुलगी आमच्याकडेच खेळते. मागच्या आठवड्यात ते स्वतः कोर्टवर आले, तासभर उभे राहून प्रॅक्टिस पाहिली, आणि म्हणाले की मी चार फ्लडलाइट लावून देतो, दोन नवे बोर्ड देतो, विजेचं बिल आणि वर वर्षाला सत्तर हजार. अट एकच. मंडळाच्या नावाच्या आधी दुकानाचं नाव लावायचं. जर्सीवर, फलकावर, टूर्नामेंटच्या प्रवेशिकेवर, सगळीकडे.

मला ते गृहस्थ वाईट वाटले नाहीत. पण आमच्या कमिटीत दोन तट पडले. अर्धे म्हणतात, हो म्हणा आणि मोकळे व्हा. आमचे खजिनदार काका, ज्यांनी १९९४ मध्ये घरोघरी फिरून वर्गणीतून हे कोर्ट उभं केलं, ते म्हणतात, "नाव विकलं की मंडळ संपलं." ते रागावले नाहीत, पण त्या दिवसापासून पावती पुस्तक माझ्या घरी आणून ठेवलं आहे.

काकांच्या बोलण्याला कारण आहे. मागे एकदा एकानं आम्हाला जर्सी दिल्या होत्या, नाव सांगत नाही. पाठीवर त्याचं नाव मोठ्या अक्षरात, मंडळाचं नाव बाहीवर. तीन वर्षं देतो म्हणाला आणि एका हंगामानंतर फोन उचलणं बंद केलं. आमच्याकडे दुसऱ्या जर्सी घ्यायला पैसे नव्हते, म्हणून पोरं पुढची दोन वर्षं त्याच जर्सीत जिल्ह्याच्या स्पर्धा खेळली. जो माणूस एक रुपया देत नव्हता त्याचं नाव पाठीवर घेऊन. एका पोराच्या आईनं मला विचारलं होतं, "सर, हे आपले कोण?" मला उत्तर देता आलं नाही.

आता स्लोव्हेनिया कुठून आला ते सांगतो. आमच्याकडची एक बारा वर्षांची पोरगी ७७ नंबरची जर्सी घालते, अमेरिकेत खेळणाऱ्या लुका डॉन्चिचसारखी. तिनं विचारलं, "सर, लुका डॉन्चिचच्या देशात किती लोक राहतात?" घरी जाऊन पाहिलं. साधारण २१ लाख! २०११ च्या जनगणनेत आपल्या नागपूर शहराचीच लोकसंख्या २४ लाख होती. म्हणजे अख्खा देश आपल्या शहरापेक्षा लहान. आणि त्या देशानं २०१७ मध्ये इस्तंबूलला सर्बियाला ९३-८५ असं हरवून युरोपचं विजेतेपद घेतलं, तेही स्पर्धेत एकही सामना न हरता. मी तो आकडा दोनदा पाहिला.

मग तिथल्या क्लबांची यादी वाचत बसलो, आणि माझाच प्रश्न तिथं दिसला. जवळपास प्रत्येक क्लबच्या नावात एखादा कारखाना आहे. कुठं रंगाचा, कुठं बिअरचा, कुठं औषधाचा, कुठं तर कॉफीचा. मोठ्या क्लबांचं मला घेणंदेणं नाही, त्यांना दुसरा कुणीतरी भेटतेच. मला खालच्या लीगमधल्या, गावातल्या क्लबबद्दल जाणून घ्यायचं आहे. कारखाना बंद झाला, कंपनी सोडून गेली, तर त्या क्लबचं पुढं काय झालं? नाव गेल्यावर क्लब उरला का?

येत्या रविवारी आमची सभा आहे. कुणाला खरोखर माहिती असेल तर सांगा.


बर्डीवाला
रविवार, रात्री ११:१५

कोच, पैसे घ्या. लाइट लागले की पोरं दुप्पट होतील. नावात काय ठेवलं आहे, पोरांना रिंग दिसली पाहिजे. माझा मुलगा आठ महिने अंधारात चप्पल शोधत घरी यायचा, म्हणून सांगतो.


हिंगण्याहून
सोमवार, सकाळी ७:०५

कोच, तुमचा प्रश्न रात्री वाचला आणि झोप लागेना. मी हिंगणा एमआयडीसीत मशीन बसवण्याच्या कामावर आहे. कंपनीनं मला आधी तीन महिने आणि मग दीड वर्ष स्लोव्हेनियात वेलेन्येला ठेवलं होतं. कोळशाच्या खाणीचं गाव. पाच-सात किलोमीटरवर शोश्तान्य नावाच्या गावात औष्णिक वीज केंद्र आहे, आणि तिथल्या बास्केटबॉल क्लबचं नावच 'एलेक्ट्रा'. पहिल्यांदा ती चिमणी आणि धूर पाहिला तेव्हा कोराडीच आठवलं.

पण तुमच्या प्रश्नाला नेमका लागू पडेल असा क्लब एलेक्ट्रा नाही, पोल्झेलाचा आहे. तो मी जवळून पाहिला, म्हणून त्याचंच सांगतो.

पोल्झेला हे साविन्या नदीच्या खोऱ्यातलं गाव. आजूबाजूची गावं धरून सहा हजारांच्या आसपास वस्ती. दोन गोष्टींसाठी प्रसिद्ध. एक, १९२७ मध्ये सुरू झालेला मोज्यांचा कारखाना. दुसरी, हॉप्स. बिअरला कडवटपणा आणतो तो वेल. त्या खोऱ्यात मैलोनमैल त्याचीच शेती आहे. तीन-चार माणसांच्या उंचीचे खांब, वर तारांचं जाळं आणि त्यावर चढलेले हिरवेगार वेल. आपल्याकडे पानमळा असतो ना, तसाच, फक्त बराच उंच. ऑगस्ट संपता संपता काढणी असते, तेव्हा रस्त्यावरून जाताना गाडीची काच बंद असली तरी वास आत येतो.

क्लबचं नाव 'हॉप्सी'. त्या वेलावरून.

आता थोडं मागचं सांगावं लागेल, नाहीतर कारखान्याचं नाव क्लबला का लागतं ते कळणार नाही. १९९१ पर्यंत स्लोव्हेनिया युगोस्लाव्हियात होता. ल्युब्लियानाचा ओलिंपिया क्लब बेलग्रेड, झाग्रेब, स्प्लिट अशा मोठ्या शहरांच्या संघांबरोबर खेळायचा आणि त्यानं सहा वेळा युगोस्लाव्हियाचं विजेतेपद मिळवलं. १९७० ची जागतिक स्पर्धा युगोस्लाव्हियानं जिंकली तीही ल्युब्लियानाच्याच तिवोली हॉलमध्ये, आणि त्या संघाचा कप्तान इवो दानेउ हा मारिबोरमध्ये जन्मलेला, ओलिंपियाचा खेळाडू. माझ्या घरमालक आजोबांच्या ओट्यावर, म्हणजे आपण ओटा म्हणू अशा जागी, त्याचा जुना फोटो होता. त्या वेळी छोट्या गावांचे क्लब त्यांच्या प्रांताच्या लीगमध्ये खेळायचे. कारखाना हा कामगारांचाच असं मानलं जायचं, त्यामुळे गावच्या बँडला, ग्रंथालयाला, क्लबला कारखान्यातून पैसा यायचा आणि त्यात कुणाला वेगळं काही वाटायचं नाही.

जून १९९१ मध्ये देश स्वतंत्र झाला. १९९१-९२ च्या हंगामापासून त्यांची स्वतःची लीग सुरू झाली. म्हणजे काल प्रांताच्या लीगमध्ये खेळणारा गावातला क्लब एका उन्हाळ्यात देशाच्या लीगमध्ये गेला! आज ओलिंपिया आपल्या गावात येणार, असं पोल्झेलासारख्या ठिकाणी घडू लागलं. पण त्याच वेळी कारखानेही खासगी होऊ लागले. पैसा आता आपुलकीनं नाही, जाहिरातीसाठी यायचा. म्हणून कंपन्यांची नावं क्लबच्या नावापुढं आणखी ठळक झाली.

पोल्झेलाला त्सेल्ये शहरातल्या एका व्यापारी कंपनीनं हात दिला, कोविनोतेहना. लोखंडी सामान विकणारी. नव्वदीच्या दशकात क्लबचं पूर्ण नाव होतं 'कोविनोतेहना साविन्स्का पोल्झेला'. कोच, हे नाव एकदा नीट वाचा. पहिला शब्द कंपनीचा, दुसरा खोऱ्याचा, तिसरा गावाचा. पुढं ती कंपनी राहिली नाही, दुसऱ्या मोठ्या व्यापारी कंपनीत गेली. पहिला शब्द गेला. खोरं तिथंच होतं, गाव तिथंच होतं.

त्याच काळात तिथं एक पोरगा खेळत होता, बेनो उद्रिह. डावखुरा पॉइंट गार्ड, जन्म १९८२ चा. पोल्झेलातून २००० मध्ये ओलिंपियात गेला. २००४ मध्ये अमेरिकेतल्या सॅन अँटोनिओ स्पर्स संघानं त्याला २८ व्या क्रमांकावर निवडलं, आणि २००५ व २००७ अशी दोन वर्षं तो एनबीए, म्हणजे तिथली सगळ्यात मोठी लीग, जिंकणाऱ्या संघात होता. सहा हजारांच्या गावातून. त्याचा भाऊ सामो, तोही खेळाडूच.

क्लब मात्र वर गेला, खाली आला, परत वर गेला. तिथल्या लीगला एसकेएल म्हणतात, तिची पहिली, दुसरी, तिसरी अशी उतरंड आहे. पोल्झेला दुसऱ्या लीगमध्येही खेळला आणि गेल्या दशकात पहिल्या लीगमध्येही दिसला. आजोबा सांगायचे तेव्हा ते 'पडलो' म्हणायचे, 'बुडालो' कधी म्हणायचे नाहीत.

मी तिथं पहिल्यांदा गेलो तो एका शनिवारी, आजोबांच्या नातवाचा सामना बघायला. तेरा-चौदा वर्षांखालच्या मुलांचा. हॉलमध्ये लाकडी फरशी, त्यावर चार रंगांच्या रेषा, कारण हँडबॉल, व्हॉलीबॉल, बास्केटबॉल सगळं त्याच फरशीवर. मुलं बाहेरचे बूट काढून आतले वेगळे बूट घालत होती. सामना चालू असताना कुणी घसरून पडलं की एक लहान पोरगी हातात लांब दांड्याचं पुसणं घेऊन पळत जायची, घामाचा ओला ठसा पुसायची आणि परत रेषेबाहेर येऊन बसायची. रेफरी तिची वाट बघायचा. सामना संपल्यावर तीच पोरगी बूट बदलून पुढच्या सामन्यात खेळायला उतरली. संध्याकाळी मोठ्यांचा सामना. त्यातला एक उंच सेंटर मला ओळखीचा वाटला, मग आठवलं, तो आमच्या साइटवर वायरिंगला यायचा.

मला जे दिसलं ते हे की कंपनीचं नाव मोठ्यांच्या संघाच्या पुढं लागतं. लहान मुलांचा वर्ग त्या नावावर अवलंबून नसतो. तिथं नगरपालिका दरवर्षी खेळाचा कार्यक्रम ठरवते, क्लबांकडून अर्ज मागवते आणि मुलांच्या वर्गांना हातभार लावते. शिवाय लॉटरीच्या उत्पन्नातला वाटा खेळासाठी जातो, त्यासाठी देशपातळीवर वेगळी संस्था आहे. त्यामुळे प्रायोजक सोडून गेला तर पहिल्या संघाचे बाहेरून आणलेले खेळाडू जातात, पण शनिवारचे बारा वर्षांखालचे सामने ठरल्या वेळी होतात. चार-पाच वर्षांनी तीच मुलं मोठ्या संघात उतरतात. पोल्झेलाचं असंच होत आलं आहे.

बाकी दोन-तीन उदाहरणं पटकन देतो. श्कोफ्या लोका नावाच्या गावचा क्लब आधी तिथल्या कॉफीच्या नावानं, 'लोका कावा' म्हणून खेळायचा, पुढं धातूचे सुटे भाग ओतणाऱ्या कारखान्याच्या नावानं खेळला. शेंत्युर, साधारण पाच हजारांचं गाव, त्यांचा क्लब अल्पोस या पोलाद कारखान्याच्या नावानं ओळखला जायचा. अल्पोस दिवाळखोरीत गेला. मग ताय्फून आलं, ही कंपनी जंगलातले ओंडके ओढायची यंत्रं बनवते. आणि २०१५ मध्ये ताय्फून शेंत्युर देशाचा विजेता झाला. डोमझालेचा हेलिओस रंगाच्या कारखान्याचा. २००७ आणि २०१६ चे विजेते. तो रंगाचा कारखाना पुढं जपानच्या कान्साईनं घेतला, ज्यांचा आपल्याकडे नेरोलॅक आहे. मालक बदलला, क्लब खेळतोच आहे.

उलट उदाहरणही सांगायला हवं. सगळ्यात मोठा ओलिंपिया. त्याच्या पुढं वेगवेगळ्या काळात स्मेल्ट, युनियन, पेट्रोल अशी कंपन्यांची नावं लागली आणि सुटली. पण २०१९ मध्ये तो झाग्रेबच्या सेदेविता क्लबबरोबर एकत्र झाला आणि 'सेदेविता ओलिंपिया' हा नवा क्लब झाला. सेदेविता हे तिकडचं पाण्यात घालून प्यायचं व्हिटॅमिनचं पेय. आजोबा त्या विषयावर बोलताना आवाज खाली आणायचे. तिथं जर्सीवरचं नाव बदललं एवढंच नव्हतं, क्लबच बदलला होता.

तुमच्या दुकानदारांनी नाव मागितलं आहे की क्लब, हे त्यांना एकदा सरळ विचारा.


काटोलरोडचा कोच
सोमवार, दुपारी १:३०

दादा, डब्बा उघडा ठेवून तुमचं वाचलं. 'कोविनोतेहना साविन्स्का पोल्झेला' हे मी वहीत लिहून घेतलं आहे. आमच्या मंडळाच्या नावातही ले-आउटचं नाव आहे, ते कधी मोजलंच नव्हतं.

एक विचारतो. त्या मुलांच्या जर्सीवर कुणाचं नाव होतं? आठवत असेल तर.


हिंगण्याहून
सोमवार, दुपारी २:१०

छातीवर गावाचं. पाठीवर नंबर. खाली कमरेजवळ दोन-तीन बारीक पट्ट्या होत्या, बहुतेक गावातल्याच दुकानांच्या. एक बेकरीची होती हे पक्कं आठवतं, कारण मध्यंतरात त्याच बेकरीचे पाव वाटले होते.


जुनाखेळाडू
सोमवार, रात्री ९:००

कोच, मी सत्तरीच्या पुढचा. शिवाजीनगर जिमखान्याच्या कोर्टवर वाढलो. तुम्ही ज्या खजिनदारांचं लिहिलं त्यांना मी ओळखत नाही, पण त्यांनी पावती पुस्तक तुमच्या घरी का आणून ठेवलं ते मला समजतं. त्यांनी ते फाडलं नाही, दुसऱ्या कुणाला दिलं नाही. तुम्हाला दिलं.

आमच्या वेळी नागपुरात दुकानांची नावं नव्हती, खात्यांची होती. रेल्वे, पोलीस, बँका. चांगला खेळणारा पोरगा खेळाडूंच्या जागेवर नोकरीला लागायचा आणि खात्याचा संघ व्हायचा. घरात भाकरी यायची, ही लहान गोष्ट नव्हती. माझ्याबरोबर खेळलेल्या चौघांचे संसार त्यावर उभे राहिले. पण भरती थांबली की पाच-सहा वर्षांत संघ म्हातारा व्हायचा. नवा कुणी येत नसे, कारण खात्याला लहान पोरं शिकवायची नव्हती, तयार खेळाडू हवे होते. हिंगण्याच्या भाऊंनी पोल्झेलाच्या लहान मुलांचं जे लिहिलं, ते आमच्याकडे नव्हतं. मला ते वाचून फार चुटपुट लागली.

व्यवहाराचं थोडं सांगतो, रागावू नका. ले-आउटची मोकळी जागा कुणाच्या मालकीची आहे ते कागद काढून बघा. खांब आणि दिवे त्या जागेवर रोवायचे तर परवानगी मंडळाच्या नावानं घ्या, देणाऱ्याच्या नावानं नको. वीज मीटरही मंडळाच्या नावानं. मंडळ रजिस्टर असेल तर घटनेतलं नाव बदलू नका. त्यासाठी सभेचा ठराव, धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज, हे सगळं करावं लागतं, आणि परत मूळ नाव हवं असेल तर पुन्हा तेच. जर्सीवरचं नाव हा करार आहे, घटनेतलं नाव हे मंडळ आहे. करारावर वर्ष लिहा. किती वर्षं, पैसे कोणत्या महिन्यात, आणि हप्ता आला नाही तर नाव कोणत्या तारखेपासून उतरवायचं. दिवे आणि बोर्ड एकदा लावले की ते मंडळाचे, हेही लिहा. बहुतेक भांडणं सोडून जाताना बोर्ड उपटून नेण्यावरून होतात, मी दोनदा पाहिलं आहे.

आणि कुलूप. कोर्टला फाटक असेल तर किल्ली कुणाकडे राहणार हे ठरवा.


बर्डीवाला
सोमवार, रात्री ९:४०

काका, मीटरचं माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. मी माझं मत बदलत नाही, पैसे घ्यायला हवेत. पण कागद करूनच.


काटोलरोडचा कोच
पुढचा सोमवार, रात्री ११:२०

सभा झाली. सविस्तर लिहितो, कारण तुम्ही सगळ्यांनी वेळ दिला.

मी शनिवारी सकाळीच त्या गृहस्थांकडे गेलो. दुकानाच्या मागे गोदामात बसून दादांनी सांगितलेला प्रश्न जसाच्या तसा विचारला, तुम्हाला नाव हवं आहे की मंडळ? ते आधी थोडे गप्प झाले. मग म्हणाले, "सर, मला मंडळ घेऊन काय करायचं आहे? पोरगी संध्याकाळी सातला घरी येते आणि साडेसातला परत जायचं म्हणते. तिला उजेडात खेळू द्यायचं आहे. नाव लागलं तर बायको-भाऊ विचारणार नाहीत, पैसा कुठं घातला म्हणून." इतकं सरळ बोलतील असं मला वाटलं नव्हतं. मी त्यांना शेंत्युरची गोष्ट सांगितली, पोलादवाला गेला, ओंडक्यांच्या यंत्रवाला आला आणि गाव विजेता झालं. ते म्हणाले, "म्हणजे मी गेलो तरी तुम्ही जिंकाल." मी म्हटलं, "तुम्ही असताना जिंकलो तर जास्त बरं." तेव्हा हसले.

सभेला ३१ जण आले, एरवी दहाही येत नाहीत. मी पोल्झेलाचं सगळं वाचून दाखवलं. फळ्यावर तिन्ही शब्द लिहिले आणि पहिला शब्द पुसून दाखवला. पुसण्याच्या दांड्यावाली पोरगी ऐकून आमच्या सब-ज्युनिअरच्या पोरी एकमेकींकडे बघायला लागल्या. आता दोघींनी ते काम मागून घेतलं आहे. आमच्याकडे पुसायला घाम नाही, धूळ असते. पण झाडू घेऊन दोघी वेळेवर हजर.

ठराव असा झाला. मोठ्यांच्या संघाच्या प्रवेशिकेवर आणि जर्सीच्या पाठीवर तीन वर्षं दुकानाचं नाव आधी, मंडळाचं नंतर. सोळा वर्षांखालच्या सगळ्या मुलामुलींच्या छातीवर फक्त ले-आउटचं नाव. खाली कमरेजवळ छोटी पट्टी, पोल्झेलासारखी. घटनेतलं नाव तसंच. मीटर मंडळाच्या नावानं. दरवर्षीचा पैसा जून महिन्यात. जून गेला आणि पैसा आला नाही, तर १ ऑगस्टपासून नाव उतरवायचं. दिवे आणि बोर्ड मंडळाचे. किल्ल्या तीन, एक माझ्याकडे, एक काकांकडे, एक त्या गृहस्थांकडे. त्यांना किल्ली द्यावी हे काकांनीच सुचवलं. म्हणाले, दिव्याचा फ्यूज रात्री उडाला तर बघायला कुणीतरी जवळचं हवं, आणि त्यांचं घर सगळ्यांत जवळ आहे.

ठराव लिहायची वेळ आली तेव्हा काकांनी माझ्याकडून पावती पुस्तक मागून घेतलं. त्या गृहस्थांच्या नावानं पहिल्या हप्त्याची पावती त्यांनीच फाडली, पंचवीस हजारांची. रक्कम आकड्यात लिहिली, मग अक्षरात, आणि सही करताना चष्मा काढून पुसला.

फलकाचं बाकी होतं. पेंटर काल आला. मंडळाचं नाव त्यानं थेट भिंतीवर रंगवलं, ऑइल पेंटनं, दोन हात मारून. दुकानाचं नाव वेगळ्या पत्र्याच्या पट्टीवर आहे, तिला चारी कोपऱ्यांत भोकं. भिंतीत चार रावळ प्लग मारून ठेवले आहेत. उद्या सकाळी पट्टी बसवायला ते गृहस्थ स्वतः स्क्रू-ड्रायव्हर घेऊन येणार आहेत, मुलीला घेऊन.

दिव्याचे खांब पुढच्या बुधवारी. लागले की फोटो टाकतो.